ओळंबाताईंचा सरळ तक्ता

नोटीस तिरकी लावली होती, तिथूनच ओळंबाताईंचं डोकं फिरायला सुरुवात झाली.

मंगळवार, सकाळचे पावणेनऊ. चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या त्या कारखान्यात शिरलं की डाव्या हाताला हजेरीचं यंत्र आणि उजव्या हाताला सूचनाफलक. फलकावर एक पांढरा कागद, त्याला दोन निरनिराळ्या रंगांच्या टाचण्या, आणि कागदाचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला बोटभर खाली. ताईंनी पर्स काखेत मारली, टाचणी उपसली, कागद सरळ केला, टाचणी पुन्हा खोचली, दोन पावलं मागं सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि मगच वाचायला घेतलं. वाचून झाल्यावर त्यांना वाटलं, हा तिरका होता तेच बरं होतं. निदान शरमल्यासारखा तरी दिसत होता.

गेल्या दोन महिन्यांत सतरा चष्मे सदोष म्हणून परत आले आहेत, असं त्यात लिहिलं होतं. घासणी विभागातील ज्येष्ठ कारागिरांनी गुरुवारी दुपारी बारा वाजता समक्ष खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास त्यांना कामावरून कमी करण्यात येईल.

घासणी विभागात कारागीर आठ, पण ज्येष्ठ एकच. भिंगमामा. एकतीस वर्षं ते भिंगं घासत होते. ताईंच्या ते ना नात्याचे ना गोत्याचे, पण बावीस वर्षांपूर्वी ताई नोकरीला लागल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात मामांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "पोरी, तू डोळे बारीक करून बघतेस. तुला नंबर आहे." ताईंचा पहिला चष्मा मामांनी घासला. नंतरचे सहाही त्यांनीच. त्या मामांना कमी करणार? तेही तिरक्या कागदावर?

इथं ताईंच्या नावाबद्दल सांगायला हवं. ताईंचे वडील गवंडी होते. दोरीला लोखंडी लट्टू बांधलेला ओळंबा खिशात घालूनच ते जेवायला बसत, आणि भिंत बघितली की त्यांचा हात आपोआप खिशात जाई. घरात चार मुलं. ओळंबा मात्र वारशानं एकट्या ताईंच्या डोळ्यांत उतरला. त्यांना तिरकी चौकट दिसली की दाढ दुखते. शेजारणीच्या दोरीवरचे कपडे त्या गच्चीवर जाऊन सारखे करून येतात आणि शेजारीण ते चोराचं काम समजून वारंवार कुलूप बदलते. कारखान्यात हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण पगारपत्रक सोडलं तर त्यांचं दुसरं नाव कुठं शिल्लक नाही.

त्यांचं काम असं. अकरा दुकानांतून रोज सकाळी ऑर्डरींची एक फाईल येते. एका डोळ्याची एक ओळ. ओळीत सहा गोष्टी, मध्ये स्वल्पविराम: ऑर्डरचा आकडा, उजवा की डावा, लांबचा नंबर, सिलिंडर, कोन, जवळचा नंबर. सिलिंडर म्हणजे डोळ्याचा बाक सावरणारा नंबर, आणि तो भिंगात कुठल्या दिशेनं घालायचा हे कोन सांगतो. ही फाईल आहे तशी वाचायची म्हणजे मुंग्यांची मिरवणूक वाचण्यासारखं. ताई मात्र संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करत. कॉलम नावाची आज्ञा, तिला सांगायचं की स्वल्पविरामापाशी तोड आणि तक्ता मांड. एन्टर दाबलं की सगळ्या ओळी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या खाली खाली उतरत. नंबराखाली नंबर, कोनाखाली कोन. तो तक्ता छापून मामांच्या विभागात एक प्रत आणि तपासणीच्या टेबलावर एक प्रत. मामा त्याप्रमाणे घासत, तपासणीच्या बाई त्याप्रमाणे तपासत. बावीस वर्षांत ताईंच्या तक्त्यातला एक आकडा केसभर इकडचा तिकडं झाला नव्हता, आणि हे वाक्य त्या स्वतःच आठवड्यातून दोनदा म्हणत.

पर्स टेबलावर आदळून ताई थेट मॅनेजरांच्या खोलीत गेल्या. हे मॅनेजर येऊन पाचच महिने झाले होते. भिंतीवर मोठा रंगीत पडदा लावून ते त्याला डॅशबोर्ड म्हणत आणि दिवसातून इतक्या वेळा म्हणत की कारखान्यानं त्यांचं नाव डॅशबोर्डसाहेब ठेवून टाकलं.

"साहेब, ती नोटीस कुणी लावली?"

"मी. का?"

"तिरकी होती."

"बरं, मग?"

"मी सरळ केली. आता मजकुराचं तुम्ही बघा. मामांना काढणार? एकतीस वर्षांच्या माणसाला?"

"मॅडम, बसा."

"बसणार नाही. बसलं की राग उतरतो माझा."

साहेबांनी पडद्याकडं बोट केलं. "भावनेचं काम नाही हे. या सतरा ऑर्डरी बघा. इथं काय दिसतं? जवळचा नंबर दोन. सिलिंडर नाही. आणि परत आलेल्या भिंगात काय आहे? जवळचा नंबर नाही, सिलिंडर दोन! गिऱ्हाईक म्हणतं वाचता येत नाही, आणि वर गोल वस्तू लांबट दिसतात. ऑर्डर बरोबर, भिंग चूक. मधला माणूस कोण? वय झालंय हो त्यांचं. नजर हलली असेल, हात हलत असेल."

"हात हलतो? ज्या हातानं तुमच्या सासूबाईंचा चष्मा..."

"आणि कागद तर तुमचाच असतो. तुमच्या तक्त्याबद्दल मी काही बोलतोय का? एक आकडा इकडचा तिकडं नसतो, सगळे सांगतात."

ताईंच्या जिभेवर आलेलं पुढचं वाक्य तिथंच अडलं. माणूस भांडायला जावा आणि समोरच्यानं त्याचं कौतुक करावं यासारखी दुसरी फसवणूक नाही. "ते खरंच आहे म्हणा," असं काहीतरी पुटपुटून त्या बाहेर आल्या, आणि बाहेर आल्यावर त्यांना स्वतःचाच संताप आला.

मामा यंत्रापाशी बसून एक भिंग उजेडाला धरून बघत होते. ताई समोर उभ्या राहिल्या.

"खुलाशात काय लिहिणार?"

"लिहिलाय. वय झालं, चुका होतात, क्षमस्व."

"काय? तुम्ही चूक केली?"

"नसेल केली असं कसं म्हणू?"

"मामा, तुम्ही सुपारीएवढ्या काचेवर चरा पडला म्हणून मागं एकदा जेवला नव्हता दिवसभर! वय झालं म्हणे! आणि तुम्ही लिहून दिलं की तो डॅशबोर्ड उद्या सगळ्या पन्नाशीच्या लोकांना तोच कागद पुढं करील. मी पण अठ्ठेचाळीसची आहे!"

"जाऊ दे पोरी. पोरगा म्हणतोच आहे, घरी बसा."

"जाऊ दे कशाला? तक्ते काढा. तुम्ही काय घासलं आणि कागदावर काय होतं, समोरासमोर ठेवू. खिळ्यावर असतील ना?"

मामांच्या टेबलाशी एक उभा खिळा होता. झालेल्या कामाचा तक्ता ते त्यावर टोचून ठेवत आणि वर्षभर एक कागद टाकत नसत. ताईंनी खिळ्याकडं पाहिलं. खिळा नागडा होता.

"कागद कुठं गेले?"

"रद्दीत दिले."

"तुम्ही? रद्दीत?"

मामांनी भिंग पुसायला घेतलं. ते आधीच पुसलेलं होतं. आणि ताईंना एकदम दीड महिन्यापूर्वीचा एक दिवस आठवला. मामा तक्ता हातात घेऊन त्यांच्या टेबलाशी आले होते. "अगं, या माणसाला जवळचा नंबर नाही, आणि दोन्ही डोळ्यांना नुसता दोनचा सिलिंडर? कोनही नाही लिहिलेला. बघ जरा." आणि ताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या होत्या, "मामा, माझा तक्ता ओळंब्यात असतो. तुम्ही तुमचं भिंग बघा." मामा परत गेले होते. कोन लिहिला नसेल तर एकशे ऐंशी धरायचा ही घासणीवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांनी तो धरला, भिंग घासलं आणि तक्ता खिळ्याला टोचला.

ताई आपल्या टेबलाशी आल्या. मामांनी कागद नाहीसे केले म्हणजे कागदात काहीतरी होतं. त्यांच्या कागदात! हा संशय त्यांना इतका अपमानकारक वाटला की तो खोटा ठरवण्यासाठीच त्यांनी सतरांतली पहिली ऑर्डर काढली. तक्ता पुन्हा मांडला. सिलिंडरच्या रकान्यात दोन. त्याखाली दोन. सरळ, देखणे, ओळीत. डॅशबोर्ड म्हणत होता जवळचा नंबर दोन. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि ताईंना तो कोण असावा याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

तरी त्यांनी ती गोष्ट केली जी गेल्या कित्येक वर्षांत केली नव्हती. मूळ फाईल, मुंग्यांची मिरवणूक, तशीच उघडली. ड्रॉवरमधली लाकडी पट्टी काढून पडद्यावर त्या ओळीखाली धरली आणि बोटानं स्वल्पविराम मोजले. ऑर्डर, स्वल्पविराम. उजवा, स्वल्पविराम. नंबर, स्वल्पविराम. स्वल्पविराम. स्वल्पविराम. दोन.

तीन स्वल्पविराम एकमेकांना चिकटून उभे होते. त्यांच्या मधली दोन घरं रिकामी होती: सिलिंडर नाही, कोन नाही. दोन हा आकडा सहाव्या घरातला, जवळच्या नंबराचा. आणि त्यांच्या लाडक्या आज्ञेनं काय केलं होतं? चिकटलेले स्वल्पविराम एकच समजून मधली रिकामी घरं गिळली होती. दोन उचलून पुढं आणला होता आणि सिलिंडरच्या गादीवर बसवला होता. वर सगळं इतकं सरळ मांडलं होतं की बघणाऱ्यानं वाहवा करावी.

"गिळलं!" ताई मोठ्यानं म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट दचकली. "काय गिळलं, ताई? पाणी आणू?"

"मी नाही गं, यानं! न विचारता! बावीस वर्षं मी याच्यावर विश्वास ठेवला!"

पण बावीस वर्षं यानं काही गिळलं नव्हतं, हेही लगेच ध्यानात आलं. कारण आधी दुकानदार रिकाम्या घरात शून्य लिहीत. दोन महिन्यांपूर्वी डॅशबोर्डसाहेबांनी नवा फॉर्म आणला आणि शून्य टाइप करायला वेळ जातो म्हणून तो लिहायची गरज काढून टाकली. शून्य गेलं, घर उघडं पडलं. ज्यांना जवळचा नंबर नव्हता त्यांचं काही बिघडलं नाही, कारण पुढं सरकायला मागं कुणी नव्हतंच. वाट लागली ती फक्त त्यांची ज्यांना सिलिंडर नव्हता आणि जवळचा नंबर होता. म्हणजे उतारवयाच्या लोकांची.

ताईंनी संगणक बंद केला, पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि त्या दिवशी प्रथमच ती ड्रॉवरच्या कडेला समांतर नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शहरबसचा ड्रायव्हर, शांत माणूस. बायको आणि रहदारी दोन्ही त्यांनी हॉर्न न वाजवता पार केली होती.

"आमच्या बसमध्ये असंच होतं," ते म्हणाले. "मधली सीट रिकामी झाली की मागचे सगळे पुढं सरकतात. मग आजारी माणसासाठी राखलेल्या जागेवर पहिलवान बसलेला असतो."

"हसण्यावारी नेऊ नका हो."

"नाही नेत. मामांना ठाऊक आहे?"

"आहे. म्हणून तर कागद रद्दीत घातले त्यांनी. माझं नाव येऊ नये म्हणून!" ताईंचा आवाज चढला. "मी मागितले होते का उपकार? स्वतः वेंधळे ठरून घरी बसायचं आणि मला आयुष्यभर त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरळ तक्ते छापत बसवायचं! हा काय चांगुलपणा झाला? हा छळ आहे!"

"आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"नाही."

नवऱ्यानं बशी खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारणीच्या दोरीवरचा एक टॉवेल पूर्ण तिरका लोंबताना दिसत होता आणि ताई त्याच्याकडंच बघत होत्या, तरी उठल्या नाहीत.

"मग?" नवरा म्हणाला.

"मग काय मग! सांगणार. पण आधी सगळ्यांची नावं काढणार. नुसते सतराच कसे असतील?"

बुधवारचा अख्खा दिवस ताईंनी दोन महिन्यांच्या फायली चाळण्यात घालवला. ज्या ओळींत रिकाम्या घरांमागं आकडा आहे, तेवढ्या वेगळ्या केल्या. चष्मे निघाले अठ्ठावन्न. सतरा परत आले होते. उरलेल्या एक्केचाळीस जणांनी तक्रारच केली नव्हती. ताईंनी एका दुकानदाराला फोन लावून विचारलं, तर तो म्हणाला, "दोघं-तिघं आले होते हो, वाचता येत नाही म्हणत. आम्ही सांगितलं, नवा नंबर आहे, सवय होईल."

सवय होईल! ताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एक्केचाळीस माणसं जगात कुठंतरी बसली होती, वर्तमानपत्र हातभर लांब धरून, आणि मनाशी म्हणत होती, आता आपलं वय झालं. चूक एका स्वल्पविरामापाशी झालेली, आणि प्रत्येकानं ती मुकाट्यानं स्वतःच्या डोळ्यांत घालून घेतली होती. मामांनी खुलाशात लिहिलं होतं तेच. वय झालं, क्षमस्व.

गुरुवारी बाराच्या ठोक्याला मामा इस्त्रीचा सदरा घालून साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या पाठोपाठ ताईही शिरल्या.

"मॅडम, तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"म्हणून तर आले." ताईंनी मामांच्या हातातला खुलाशाचा कागद काढून घेतला, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये टाकला. "हा खोटा आहे. चूक माझ्या तक्त्यात आहे."

"पोरी..." मामा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, मामा. तुमचंही येतंय पुढं."

त्यांनी मूळ ओळ आणि तक्त्यातली ओळ एकाखाली एक लिहून आणली होती. साहेबांना पट्टीनं दाखवली. साहेब हुशार होते. दुसऱ्या मिनिटाला त्यांना समजलं आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांनी खुर्चीत टेकून सुटकेचा श्वास सोडला.

"म्हणजे चूक तुमची."

"माझी. आज्ञा रिकामं घर गिळते हे मला बघायला हवं होतं. मामा विचारायला आले तेव्हा मी मान वर केली असती तरी दिसलं असतं. घरातलं शून्य काढून टाकलं ते तुम्ही, कुणाला न विचारता. आणि कोन लिहिला नाही तर विचारायचं सोडून एकशे ऐंशी धरून मोकळं व्हायचं, ही यांची रीत." मामांनी मान खाली घातली. "काढायचं असेल तर तिघांना काढा. ओळीनं काढा. आणि नोटीस लावाल ती सरळ लावा."

साहेबांनी पडद्याकडं पाहिलं, मग पट्टीकडं. पडद्यावर या बाबतीत काही नव्हतं.

"किती चष्मे म्हणालात?"

"अठ्ठावन्न. सतरा तुम्हाला दिसले, कारण ते परत आले. तुमच्या डॅशबोर्डवर न ओरडणारी माणसं दिसत नाहीत."

हे मात्र साहेबांना लागलं. ते स्वतः बाहेर जाऊन फलकावरची नोटीस काढून आले. येताना म्हणाले, "मामा, अठ्ठावन्न जोड्या पुन्हा घासायच्या. किती दिवस लागतील?"

"दहा," मामा म्हणाले, "हात हलला नाही तर."

साहेब लाल झाले. ताईंना ते बघून फार बरं वाटलं.

दुपारी ताईंनी आधी आज्ञेचा बंदोबस्त केला. तक्ता मांडण्यापूर्वी दुसऱ्या एका आज्ञेला सांगितलं, जिथं दोन स्वल्पविराम चिकटलेले दिसतील तिथं मध्ये एक रेघ घाल. एन्टर दाबलं आणि पाहिलं, तर तीन स्वल्पविरामांतल्या पहिल्या दोघांत रेघ पडली होती आणि पुढचं घर तसंच उघडं! आज्ञा एक जोडी भरून पुढं निघून गेली होती. मधला स्वल्पविराम एकदा वापरला, म्हणून पुन्हा त्याच्याकडं वळून बघायला तयार नव्हती. ताईंनी कपाळाला हात लावला. "ही आणखी एक शहाणी!"

मामा मागं उभे होते. "दोनदा चालव," ते म्हणाले. "आम्ही पॉलिश एकदा मारून थांबतो का? पहिल्या हाताला राहिलेलं दुसऱ्या हाताला सापडतं."

दोनदा चालवलं. दोन्ही घरांत रेघा बसल्या, दोन हा आकडा मुकाट्यानं मागं सरकून सहाव्या रकान्यात जाऊन उभा राहिला. ताईंनी तरीही पट्टी धरून मोजलं. मग म्हणाल्या, "मामा, पुढच्या वेळी मी तुम्हाला हाकललं तर जायचं नाही. काय?"

"तू हाकलतेसच अशी की..."

"तरी जायचं नाही. कागद रद्दीत घालायचे तर मुळीच नाहीत."

"बरं."

आणि मग त्यांनी दुकानांकडून नावं आणि फोन घेऊन केलेली एक्केचाळीस जणांची यादी पुढं घेतली आणि पहिला फोन लावला. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा खणखणीत आवाज आला.

"आजी, मी चष्म्याच्या कारखान्यातून बोलते. तुमच्या चष्म्यात आमची चूक झाली आहे. तुमचे डोळे ठीक आहेत, भिंग चुकीचं आहे. नवं करून देतो."



"गोल वस्तू लांबट दिसतात, ते चष्म्यामुळं?" आजींनी विचारलं.

"हो."

"म्हणजे माझं टेबल गोलच होतं?"

"कुठलं टेबल?"

"अगं, नवं करून घेतलं ना! गोल सांगितलं आणि मेल्यानं अंडं आणून दिलं, म्हणून सुताराला उभं-आडवं घेतलं मी. दोनदा तासून घेतलं त्याच्याकडून, गोल दिसेपर्यंत! तो बिचारा फूटपट्टी लावून दाखवत होता आणि मी म्हणत होते, तुझी फूटपट्टी घाल चुलीत!" आजींचा आवाज चढत चालला. "म्हणजे आता ते खरंच अंडं झालं असणार! आणि मी दोन महिने समजते आहे की आपल्याला वाचायचं जमेना, आता संपलं आपलं! कोण तू? तुझी चूक?"

"माझी," ताई म्हणाल्या.

मग आजींनी पाच मिनिटं जे ऐकवलं त्यात एक शब्द वाया गेलेला नव्हता. ताई फोन कानाशी धरून ताठ बसून होत्या. मामा दारात उभे राहून बघत होते.

"काय म्हणाली?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

"शिव्या दिल्या."

"चांगल्या?"

"अगदी ओळंब्यात." ताईंनी पहिल्या नावापुढं खूण केली. "तिच्या सुताराचा पत्ता घेतलाय. त्यालाही फोन करायचाय."

मामा आपल्या यंत्राकडं गेले आणि थोड्या वेळानं काच घासल्याचा बारीक आवाज सुरू झाला. ताईंनी पट्टी यादीवरच्या दुसऱ्या नावाखाली सरकवली आणि फोन उचलला.